बोलोन्यात नऊ रात्री: कामाच्या मुक्कामासाठी हॉटेल ठरवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात क्वालिटी विभागात आहात. ब्लिस्टर पॅकिंग मशीनच्या फॅटसाठी, म्हणजे मशीन इकडे रवाना होण्याआधी बनवणाऱ्याच्या कारखान्यात जाऊन घ्यायच्या परीक्षेसाठी, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याला धरून नऊ रात्री इटलीत बोलोन्याला जायचंय. पहिलीच परदेशवारी. शाकाहारी, अंडंही चालत नाही. मशीनवाल्यांनी कारखान्यापासून दहा मिनिटांवरचं, हायवेलगतचं चार ताऱ्यांचं हॉटेल सुचवलंय. ते घ्यावं की शहरात राहावं, खोलीत काय मिळतं, खायचं काय आणि छोटा राइस कुकर न्यावा का?

शहरात राहा.

मशीनवाल्यांचं चुकत नाही, ते त्यांच्या सोयीचं सांगतात. सकाळी आठला तुम्हाला उचलायचं, साडेपाचला सोडायचं, रस्ता सरळ. पण साडेपाच ते झोपेपर्यंतचे पाच तास तुमचे एकटीचे असतात, आणि मधे शनिवार-रविवार येतो. माझ्या पहिल्या दौऱ्यात मीही असंच एक हायवेकडचं हॉटेल घेतलं होतं. खोली उत्तम, गादी उत्तम. रविवारी संध्याकाळी खाली आलो तर हॉटेलचं रेस्टॉरंट रविवारी बंद. नोव्हेंबर होता, पो नदीच्या खोऱ्यातलं धुकं उतरलेलं. रिसेप्शनवरच्या माणसाने दीड किलोमीटरवर पिझ्झेरिया आहे म्हणून सांगितलं. निघालो, तर दोनशे पावलांवर फुटपाथ संपला आणि ट्रक अंगावरून जायला लागले. मुकाट परत फिरलो, बॅगेतली शेवटची दोन थालीपीठं लिंबाच्या लोणच्याशी खाल्ली आणि झोपलो. तेव्हापासून हॉटेल बघताना माझा पहिला प्रश्न एकच असतो: रात्री आठ वाजता, पावसात, पायी जाऊन मला गरम जेवण कुठे मिळेल? नकाशावर हॉटेलपासून दहा मिनिटांच्या चालीत तीन-चार खाणावळी आणि एक सुपरमार्केट नसेल, तर तारे कितीही असोत, पुढे जा.

आता शहर कसं आहे ते पाहा. जुनं बोलोन्या एका षट्कोनासारख्या रिंगरोडच्या आत आहे. पूर्वी तिथे तटबंदी होती, आता रुंद रस्ते आहेत, त्यांना 'व्हियाली' म्हणतात. उत्तरेच्या कडेला मुख्य रेल्वे स्टेशन, मध्यात प्याझ्झा माज्जोरे हा चौक, आणि दोघांना जोडणारा व्हिया इंदिपेन्देन्त्सा हा सरळ रस्ता. स्टेशनपासून चौकात पायी वीसेक मिनिटं लागतात, आणि जवळजवळ सगळा वेळ तुम्ही कमानींच्या ओसरीखालून चालता. या ओसऱ्या म्हणजे शहराचं वैभव. सगळ्या मिळून साठ किलोमीटरच्या वर भरतात, २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या. आपल्याला त्यांचा साधा फायदा असा की पाऊस असो की ऊन, छत्री न उघडता जेवायला जाता येतं.

तुमच्यासाठी मी स्टेशन आणि चौक यांच्यामधला, पण स्टेशनच्या बाजूला झुकलेला पट्टा निवडेन. कारण गाडी. जुन्या शहराचा बराच भाग 'झेड-टी-एल' आहे, म्हणजे परवानगीविना गाडी आणायला बंदी. रोज सकाळी सात ते रात्री आठ कॅमेरे चालू असतात आणि दंडाची चिठ्ठी महिन्यांनी घरी येते. हॉटेल पाहुण्याच्या गाडीचा नंबर कळवू शकतं, पण रोज सकाळी तुम्हाला न्यायला येणाऱ्या मशीनवाल्याच्या माणसाला हा उपद्व्याप नको असतो. हॉटेल रिंगरोडच्या कडेला असलं की तो दारात थांबतो. शनिवार-रविवारी तर इंदिपेन्देन्त्सा रस्ता वाहनांना बंदच असतो. शनिवारी दुपारी टॅक्सीने चौकाजवळच्या हॉटेलला उतरणार असाल तर शेवटचा टप्पा कदाचित बॅग ओढत जावं लागेल.

विमानतळावरून स्टेशनला मार्कोनी एक्सप्रेस ही मोनोरेल सात मिनिटांत पोचवते. ती २०२० पासून सुरू आहे. मिलानला उतरून रेल्वेने येणार असाल तर वेगवान गाडी साधारण तासाभरात येते, पण ती जमिनीखालच्या फलाटावर लागते. तिथून वर यायला बॅगेसकट दहा मिनिटं धरा. आणखी एक मेख: या स्टेशनात '१' वेगळा आणि '१ ओवेस्त' वेगळा. ओवेस्त म्हणजे पश्चिम, आणि तो फलाट बऱ्यापैकी दूर आहे. बाहेरच्या भिंतीवरचं घड्याळ १०:२५ ला थांबलेलं दिसेल. ते बिघडलेलं नाही. २ ऑगस्ट १९८० ला त्या वेळी स्टेशनात बॉम्बस्फोट झाला, ८५ माणसं गेली, आणि आठवण म्हणून काटे तसेच ठेवलेत.

तुमच्या तारखांचा खरा घोळ पुढेच आहे. बोलोन्या हे प्रदर्शनांचं शहर आहे. मार्चमध्ये कॉस्मोप्रोफ हे सौंदर्यप्रसाधनांचं, वसंतात बालपुस्तकांचा मेळा, आणि सप्टेंबरअखेर चेरसाये, टाइल्सचं प्रदर्शन. चेरसायेच्या पाच दिवसांत जगभरातले टाइलवाले उतरतात. गुजरातेतल्या मोरबीचीही इतकी माणसं येतात की एका सकाळी नाश्त्याच्या टेबलावर माझ्या दोन्ही बाजूंनी गुजराती चाललं होतं आणि मधोमध मी एकटा मराठी. एरवी ११० युरोला घेतलेल्या खोलीला त्या आठवड्यात ३४० मागितलेले मी पाहिलेत, आणि तेही 'शेवटची एक' म्हणून. तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी प्रदर्शनाच्या तारखा बघा. फॅट आठवडाभर मागेपुढे सरकत असेल तर सरकवा. मशीनवाल्यांनाही ते सोयीचंच पडतं, कारण त्यांच्याही इतर पाहुण्यांना खोल्या मिळत नसतात. मात्र पुढे ढकलून ४ ऑक्टोबर ओढवून घेऊ नका. तो सान पेत्रोनियोचा, शहराच्या रक्षक संताचा दिवस, त्या दिवशी इथे सुट्टी असते. (ऑगस्टचा तर विचारच नको. १५ ऑगस्टच्या आगेमागे दोन-तीन आठवडे कारखानेच बंद असतात.)

तारखा हलत नसतील तर दुसरी वाट आहे. तिथले बरेच पॅकिंग मशीनवाले शहराच्या पूर्वेला, व्हिया एमिलिया या रोमन काळापासूनच्या रस्त्याच्या आजूबाजूला आहेत. तुमचा कारखाना त्या बाजूला असेल तर इमोला गावात राहा. अर्ध्या तासाची लोकल, छोटं, चालण्याजोगं गाव, आणि प्रदर्शनाच्या गर्दीची झळ बरीच कमी. कारखाना पश्चिमेला असेल तर मोदेना. तिथेही सगळं पायी. हायवेच्या हॉटेलापेक्षा या दोन्ही जागा बऱ्या.

बुकिंग करताना नऊच्या नऊ रात्री स्वस्तातल्या 'पैसे परत नाहीत' दरात अडकवू नका. एक तर व्हिसा हाती नसतो. दुसरं, फॅट कधीच वेळेवर संपत नाही. पंच लिस्टमधले, म्हणजे मशीनच्या राहिलेल्या त्रुटींच्या यादीतले, दोन मुद्दे शेवटच्या दिवशी सुटत नाहीत आणि वरिष्ठांचा फोन येतो, आणखी दोन दिवस थांब म्हणून. मी पहिल्या सात रात्री आणि उरलेल्या दोन रात्री अशी दोन बुकिंगं करतो, दोन्ही रद्द करता येणारी, आणि हॉटेलला मेल करून कळवतो की खोली बदलायला लावू नका. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं द्या. हॉटेलला प्रत्येक पाहुण्याची माहिती २४ तासांत पोलिसांना कळवावी लागते. म्हणून पासपोर्ट मागतात, त्यात संशय वगैरे काही नाही. पाच-दहा मिनिटांत परत मिळतो.

खोलीचा प्रकार नीट वाचा. 'सिंगोला' म्हणजे एकट्याची खोली, आणि ती खरोखरच एकट्याची असते. साध्या वर्गाच्या हॉटेलांना सिंगल खोली ८ चौरस मीटरची असली तरी कायद्याला चालते, म्हणजे ८६ चौरस फूट. बॅग उघडली की दार उघडत नाही. नऊ रात्रींसाठी 'दोप्पिया उझो सिंगोला' मागा, दोघांची खोली एकट्याच्या वापरासाठी. दर थोडा जास्त, पण लॅपटॉप उघडून रिपोर्ट लिहायला टेबल मिळतं. तारे इथे प्रदेश सरकारांच्या नियमांप्रमाणे ठरतात. त्यावरून काय सोयी आहेत ते कळतं, खोली नवी की जुनी ते नाही. त्यासाठी अलीकडच्या पाहुण्यांनी काढलेले न्हाणीघराचे फोटो बघा.

बुकिंग झालं की हॉटेलला थेट एक छोटा मेल करा. इंग्रजी चालतं. चारच गोष्टी: रस्त्याकडची नव्हे तर आतल्या अंगणाकडची वरच्या मजल्यावरची शांत खोली, पाणी उकळायची किटली, तिला 'बोल्लितोरे' म्हणतात, बिदे (कमोडशेजारचं, पाण्याने धुवायचं बैठं भांडं) आहे का, आणि बिल कंपनीच्या नावाने. शांत खोली मागायला एक ताजं कारणही आहे. ट्रामसाठी २०२३ पासून शहरात रस्ते खणायला घेतलेत आणि ड्रिलचा आवाज सकाळी लवकर सुरू होतो. किटली इटलीत गृहीत धरू नका. कॉफीचं यंत्र असेल, चहाच्या पाण्याची सोय नसेल.

बिदेबद्दल संकोच न करता विचारा. इटलीत १९७५ च्या सरकारी आदेशाने प्रत्येक घरात निदान एक बिदे सक्तीचं आहे, त्यामुळे पाण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना युरोपात सगळ्यात सुखाचा देश हाच. पण हा नियम घरांचा. नव्याने सजवलेल्या काही हॉटेलांत जागा वाचवायला बिदे काढलंय. मग हातफवारा तरी आहे का विचारा, नाहीतर एक मग बॅगेत टाका.

न्हाणीघरात शॉवरजवळ छतातून एक दोरी लोंबत असते. ती ओढायची नाही आणि तिच्यावर काही वाळतही घालायचं नाही. मी पहिल्या सकाळी सहाला तिच्यावर ओला पंचा टाकला. दोन मिनिटांत रात्रपाळीचा म्हातारा पोर्टर धापा टाकत दारात. ती मदतीची घंटा होती. मी टॉवेल गुंडाळून दार किलकिलं केलं, त्याने एकदा माझ्याकडे, एकदा पंच्याकडे पाहिलं, हसला, आत येऊन घंटा बंद केली आणि गेला. पुढचे आठ दिवस तो मला रोज "तुत्तो बेने?", सगळं ठीक ना, म्हणून विचारायचा.

एसीचं एक सांगतो, कारण यावरून रिसेप्शनशी वाद घालणारे लोक मी पाहिलेत. जुन्या इमारतींत गरम आणि थंड पाण्याची एकच नळी खोल्यांतून फिरते. अख्ख्या हॉटेलात एका वेळी एक तर गरम चालतं नाहीतर थंड. खोलीतला आकडा तुम्ही १८ वर न्या की २६ वर, पाईपात जे आहे तेच मिळणार. उत्तर इटलीच्या या पट्ट्यात हीटिंगचा मोसमही नियमाने ठरलेला आहे, १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल. सप्टेंबरअखेर तुम्हाला थंड हवा बहुधा मिळेल, पण एखादी रात्र गार निघाली तर कपाटातली जादा रजई काढा. खिडकी उघडी टाकून झोपू नका. डासांना बोलोन्या आवडतं आणि जाळ्या सगळीकडे नसतात.

प्लग. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, पण इटलीचं सॉकेट तीन बारीक भोकांचं, एका रेषेत. मोबाइलचा दोन गोल पिनांचा चार्जर बसतो. लॅपटॉपचा आपला तीन पिनांचा जाड प्लग बसत नाही. 'युरोप'चा म्हणून मिळणारा मोठा गोल अडॅप्टरही प्रत्येक सॉकेटात जात नाही. बारीक पिनांचा साधा अडॅप्टर आणि पुण्या-मुंबईचा एक एक्स्टेन्शन बोर्ड, एवढ्यावर माझं भागतं. दाराजवळच्या खाचेतून कार्ड काढलं की खोलीची वीज जाते, तेव्हा चार्जिंगला लावून जेवायला जाण्यात अर्थ नाही.

पैशांचं. हॉटेल आल्याआल्या कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतं. फॉरेक्स कार्ड दिलंत तर ते पैसे चेकआउटनंतरही बरेच दिवस मोकळे होत नाहीत आणि ऐन प्रवासात हात रिकामा. हमीला क्रेडिट कार्ड द्या, आणि त्यावरचा परदेशी वापर निघण्याआधी अ‍ॅपमधून चालू करा. यंत्रावर रुपयांत की युरोत विचारलं तर युरो. खोलीच्या दरात 'तास्सा दि सोज्जोर्नो' हा मुक्काम-कर नसतो. दर माणशी दर रात्री, हॉटेलातच भरायचा. आपल्या अकाउंट्सवाल्यांना हा वेगळा आकडा कुठून आला ते समजावत बसावं लागतं. म्हणून बिलावर तो वेगळ्या ओळीत लिहून घ्या.

बिल म्हणजे 'फात्तुरा' हवी, नुसती पावती नको. हे चेकइनलाच सांगा, कंपनीचं नाव-पत्ता छापलेला कागद द्या. तिथे सगळी बिलं सरकारी यंत्रणेतून जातात, एकदा निघालेलं बिल बदलायचं म्हणजे त्यांना डोकेदुखी. समोरची मुलगी ग्राहकाचा सात अक्षरी कोड मागेल. परदेशी कंपनीसाठी तो म्हणजे सात वेळा इंग्रजी 'एक्स'. नव्या कर्मचाऱ्याला हे ठाऊक नसतं, तुम्ही सांगितलंत तर ती आश्चर्याने बघते.

आता जेवण. तुमची खरी परीक्षा मशीनची नाही, ही आहे, कारण बोलोन्या हे इटलीतलं सगळ्यात मांसाहारी शहर म्हणावं लागेल. तोर्तेल्लिनी या भरलेल्या पास्त्यात डुकराचं मांस, ती ज्यात पोहतात तो रस्साही मांसाचा. भाजी म्हणून समोर येणारं फ्रिज्जोने, कांदा-टोमॅटोचं मऊ कालवण, पारंपरिक रीतीने चरबीत होतं. पियादिना ही पोळीसारखी दिसणारी भाकर आणि तळलेल्या क्रेशेन्तिने यांतही बहुतेकदा 'स्त्रुत्तो', म्हणजे डुकराची चरबी असते. हा एक शब्द पाठ करा आणि ब्रेडच्या बाबतीत विचारा. घरच्या ताज्या पास्त्यात अंडं असतं, म्हणून पालक-रिकोट्टाची तोर्तेल्लोनी, जी शाकाहारी म्हणून सगळे पुढे करतील, तुम्हाला चालणार नाही. सुका पास्ता रव्याचा असतो, त्यात अंडं नाही. 'पास्ता सेक्का, अल पोमोदोरो' म्हणा. पारमिज्यानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने, बनतं, नियमच तसा आहे. पाळत असाल तर "सेन्त्सा फोर्माज्यो", चीज नको, सांगा. पिझ्झ्यात मारिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीजच नाही.

'मी व्हेजिटेरियन' एवढ्याने भागत नाही. "सेन्त्सा कार्ने" म्हटल्यावर हॅमचे तुकडे घातलेली ताटली मला एकदा आली आहे, कारण वेटरच्या हिशेबात प्रोशुत्तो म्हणजे मांस नव्हे. मी यादी म्हणतो: कार्ने नाही, पेशे नाही, प्रोशुत्तो नाही, उओवा नाही. मांस, मासे, हॅम, अंडी. कागदावर लिहून दाखवली तर आणखी उत्तम. दुपारी कारखान्याच्या 'मेन्सा'त, म्हणजे कँटीनमध्ये, आदल्या दिवशी कळवलंत तर टोमॅटोचा पास्ता, भाजलेल्या भाज्या, डाळीचं काहीतरी नक्की करतात. रात्री साडेसातच्या आत रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर उघडत नाही आणि दहा-साडेदहाला बंद होतं. बिलातला 'कोपेर्तो' म्हणजे बसल्याचे पैसे, फसवणूक नव्हे.

स्टेशनच्या पलीकडे, उत्तरेला, बोलोन्यीना नावाची कामगार वस्ती आहे. तिथे दक्षिण आशियाई दुकानं आहेत, डाळ-तांदूळ, हिरव्या मिरच्या सगळं मिळतं. स्टेशनच्या बाजूला राहा म्हणालो त्याचं हेही एक कारण. सुपरमार्केटातलं साधं दही 'बियांको' लिहिलेलं असलं तरी गोड निघू शकतं, साखरेचा उल्लेख आहे का बघून घ्या. नाश्ता, 'कोलात्सिओने', गोडाचा असतो. ब्रिओश या गोड पावात अंडं-लोणी, तेव्हा तुमच्यासाठी फळं, ब्रेड, मध, सुका मेवा आणि हवी तेवढी कॉफी.

घरून नेताना: साजूक तूप, पनीर, पेढे नेऊ नका. बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे. ताजा कढीपत्ता, आंबा, भाजी हेही नाही. तेलातलं लोणचं, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गरम पाण्यात होणारे पोहे-उपमा, गुळाची चिक्की हे मी नेतो. मशीनवाल्यांना भेट म्हणून गोव्याचे भाजलेले काजू न्या, सीलबंद.

राहिला राइस कुकर. खोलीत शिजवायला हॉटेलची मनाई असते आणि धूर ओळखणारं यंत्र छतात बसवलेलं असतं. तरीही आमच्यातल्या एकाने नेला. भात बिनबोभाट झाला, मग त्याला वरणाला फोडणी द्यायची हुक्की आली. मोहरी तडतडली आणि चार मजल्यांची माणसं रात्री नऊ वाजता रस्त्यावर उभी होती, त्यात आमच्या मशीनवाल्यांचा सेल्स मॅनेजरही होता, जो आम्हाला जेवायला न्यायला आला होता.